"नाही" ऐकून घरी जाणारा नायक कुणी पाहिलाय?

पारिजातक

गेल्या रविवारी मुलाचे चार मित्र घरी आले होते. सगळे नववीतले. मी स्वयंपाकघरात पोहे परतत होते आणि बाहेरचं बोलणं कानावर पडत होतं. त्यांच्यातल्या एकाने वर्गातल्या एका मुलीला विचारलं होतं आणि ती नाही म्हणाली होती. आडवळणाने नाही, "मला तू तसा आवडत नाहीस" असं सरळ. तो मुलगा अगदी पडलेल्या आवाजात सांगत होता. बाकीचे त्याला धीर देत होते. "अरे, पहिल्यांदा सगळ्याच नाही म्हणतात." "भाव खातेय." "रोज तिच्या रस्त्यात दिसत राहा." आणि माझा मुलगा म्हणाला, "सोडू नकोस, आत्ता तर सुरुवात आहे."

मी गॅस बंद केला. मित्रांसमोर त्याला काही बोलले नाही. रात्री जेवताना विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?" तो गोंधळला. त्याला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. थोडा विचार करून म्हणाला, "सगळ्या पिक्चरमध्ये असंच असतं ना."

मी म्हटलं, सगळ्यांत नसतं. तो म्हणाला, एक सांग.

मला एकही सांगता आला नाही. मी दर आठवड्याला सिनेमा बघणारी बाई आहे. चार दिवस आठवतेय, अजून धड उत्तर नाही. म्हणून इथे मंचावर विचारते, आणि नेमकं विचारते. असा चित्रपट हवा ज्यात नायक विचारतो, ती नाही म्हणते, तो ते ऐकतो आणि वळतो. त्यानंतरही तो नायकच राहतो. खलनायक होत नाही, दाढी वाढवून दारू पीत बसत नाही, मरत नाही. आणि शेवटी ती धावत त्याच्याकडे येतही नाही. मराठी, हिंदी, कुठलाही चालेल.

आणखी एक गोष्ट या चार दिवसांत डोक्यात घोळतेय. "पटणं" हा किती चांगला शब्द आहे आपला. मला तुझं म्हणणं पटलं. दोघांचं पटतं. त्यात समोरच्याचं मन आहे, त्याचा विचार आहे. आणि त्याच धातूपासून झालेलं "पोरगी पटवणं" बघा. तिथे तिचं मन फक्त अडथळा म्हणून उरतं. गिऱ्हाईक पटवतात, साहेबाला पटवतात, तशी मुलगी. "पटली का रे?" असं मुलं विचारतात तेव्हा ते तिच्याबद्दल काहीच विचारत नसतात, मित्राच्या कामगिरीबद्दल विचारत असतात.

सुचवा. खरंच हवंय.

तिसरीघंटा

तुमची अट वाचून मीही तासभर बसून राहिले. यादी केली ती उलटीच झाली.

'शोले' (१९७५) घ्या. पाण्याच्या टाकीवर चढून जीव द्यायची धमकी देणारा वीरू हा आपल्या लाडक्या विनोदी प्रसंगांपैकी एक. तिथे होकार बसंतीकडून नव्हे, मावशीकडून हवा असतो, आणि तो धमकीवर मिळतो. लहानपणापासून मी त्यावर हसत आले. पण हाच प्रसंग गावातल्या खऱ्या टाकीवर घडला तर ती मावशी रात्रभर झोपेल का?

'दिल' (१९९०) त्याहून वाईट. नायिका नायकावर बलात्काराचा खोटा आळ घेते. नायक तिला उचलून नेतो आणि आपण खरंच काय करू शकलो असतो ते दाखवायला तिच्यावर चालून जातो, मग थांबतो. तो थांबला, म्हणून ती त्याच्या प्रेमात पडते. खोटा आळ घेणारी बाई, धाक दाखवणारा पुरुष आणि त्या धाकातून उगवलेलं प्रेम, असं सगळं एकाच कथेत. हा सिनेमा त्या वर्षी तुफान चालला होता. आम्ही मैत्रिणी वह्यांवर त्याची गाणी उतरवून घ्यायचो.

'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' मला अजून आवडतो, हे आधी सांगून बोलते. राज पळवून न्यायला नकार देतो, हे त्याचं मोठेपण मानतात. पण सिमरनचा हात शेवटी सोडतो कोण? बाप. उत्तरार्धभर राज ज्याचं मन वळवतोय तो बापच आहे. एका पुरुषाच्या हातून दुसऱ्या पुरुषाच्या हातात, आणि मध्ये धावती गाडी. मुंबईच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात १९९५ पासून हेच बघायला लोक जातात, मीही दोनदा गेलेय.

तुमच्या अटीत बसणारा मात्र सापडत नाही. विचार करते.

भवरा

वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

सिनेमा बघून मुलं बिघडतात हे मला फार सोपं वाटतं. सिनेमे नव्हते तेव्हा काय बायकांचा नकार लोक ऐकत होते? तेव्हा विचारायचीच पद्धत नव्हती. बाप ठरवायचा, ती बोहल्यावर उभी राहायची. निदान सिनेमातल्या पोराने विचारलं तरी.

आणि दुसरं. ज्याला आपण "रोड रोमिओ" म्हणतो तो कोण असतो? चाळीतला, वस्तीतला, बापाकडे पैसा नसलेला. गाडीतून फिरणाऱ्या पोराने तेच केलं तर त्याला प्रेमवीर म्हणतात. २०१४ च्या जानेवारीत 'टाईमपास' आला, फेब्रुवारीत 'फँड्री'. मी दोन्ही थेटरात पाहिले. 'टाईमपास'मधल्या दगडूसाठी थेटर नाचत होतं. 'फँड्री'च्या शेवटी जब्याने दगड भिरकावला तेव्हा कुणी हललं नाही. एकतर्फी प्रेम दोघांचं. पण जब्या शालूला विचारूच शकत नाही. त्याच्या जातीला तो हक्कच नाही. नकार मिळण्यासाठी आधी विचारता यावं लागतं, आणि विचारण्याची किंमत सगळ्यांना सारखी नसते. नकाराबद्दल बोलायचं तर हेही बोलावं लागेल.

पारिजातक

भवरा, राग कसला. तुमचा दुसरा मुद्दा माझ्या मनात आलाच नव्हता. माझ्या घरात बसलेली पाचही मुलं एकाच प्रकारच्या घरांतली आहेत, हे तुम्ही लिहिल्यावर लक्षात आलं.

पण 'फँड्री'बद्दल एक म्हणते. जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो. तिला जाळून राख शालूवर टाकली की शालू आपली होईल, असं त्याला कुणीतरी भरवलेलं असतं. विचारायचा मार्ग बंद, म्हणून राख. त्या पोराबद्दल जीव तुटतो. तरी त्या राखेतही शालूला काय वाटतं याला जागा नाहीच. आणि सिनेमाला हे माहीत आहे. शेवटी डुक्कर पकडताना सगळं गाव बघतं, शालूही बघते, आणि तिच्या मनातलं काय ते आपल्या समोर येतं. 'टाईमपास'मध्ये प्रेमाची सुरुवातच टाईमपास म्हणून होते आणि नंतर ते खरं होतं, त्यामुळे आधीचं सगळं माफ होतं. फरक मला इथे दिसतो.

कृष्णाकाठ

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

वय पन्नाशीच्या पुढे. १९९०च्या सुमाराला अकरावी-बारावीला होतो, आमच्या भागातल्या तालुक्याच्या गावी. आजूबाजूच्या खेड्यांतून पोरंपोरी एस्टीने यायची. आमच्या वर्गात एक मुलगी होती. नाव सांगत नाही. मला आवडायची. मी एक चिठ्ठी दिली, तिने ती माझ्यासमोर फाडली आणि म्हणाली, परत असलं करू नको. एवढंच. शिवी नाही, तक्रार नाही.

मला ते कळलंच नाही हो. म्हणजे शब्द कळले, पण मला वाटलं ही पहिली पायरी झाली. मित्रही तेच म्हणाले. मग मी रोज सकाळी स्टँडवर उभा राहायचो, तिची गाडी यायच्या आधीपासून. स्टँड ते कॉलेज सायकल हातात धरून वीस पावलं मागे चालायचो. बोलायचो नाही. वाकडं काही केलं नाही. मी मनाशी म्हणायचो, मी कुठं त्रास देतोय? संध्याकाळी गाडी सुटेपर्यंत परत तिथंच. चार महिने.

दिवाळीनंतर ती आली नाही. मला वाटलं कॉलेज बदललं. मी उदास होऊन फिरत होतो, मित्र सहानुभूती दाखवत होते, मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. दोन वर्षांनी तिच्या गावच्या एकाकडून कळलं. घरी कुणीतरी सांगितलं की पोरीच्या मागं एक पोरगा असतो. बापाने शाळाच बंद केली. त्याच वैशाखात लग्न. ती वर्गात पहिल्या तिनात असायची.

माझं काय झालं? काही नाही. बारावी झाली, पुढं डिप्लोमा झाला, नोकरी लागली. ज्याने उभं राहायचं बंद करायला हवं होतं त्याचं शिक्षण पूर्ण झालं आणि जिने "करू नको" म्हणून सांगितलं होतं तिचं थांबलं.

मला दोन मुली आहेत. थोरली बारावीला असताना महिनाभर रोज मी स्वतः तिला सोडायला जायचो. तिला वाटायचं बाबा जुन्या वळणाचे आहेत. मी स्टँडवरच्या पोरांकडे बघायचो आणि मला त्यांच्यात मीच दिसायचो.

तुमच्या मुलाला हे वाचायला दिलं तरी चालेल.

तिसरीघंटा

कृष्णाकाठ, दोनदा वाचलं. लिहिलंत त्याबद्दल आभार.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, सरकारी रुग्णालयातून पदव्युत्तर शिक्षण झालं. 'कबीर सिंग' (२०१९) आला तेव्हा आमच्या रेसिडेंट डॉक्टरांच्या खोलीत दोन तट पडले होते.

सिनेमात सीनियर वर्गात येऊन जाहीर करतो की ही माझी आहे, हिला कुणी हात लावायचा नाही. तिला विचारलेलं नसतं. ती कुठे बसेल, कुणाशी मैत्री करेल, हे तो ठरवतो. मेडिकलला सीनियर-ज्युनियर हे नातं काय असतं ते बाहेरच्यांना नीट कळत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलीसाठी सीनियर म्हणजे नोट्स, प्रॅक्टिकल, वॉर्ड, सगळ्याची किल्ली. तिथे तिचं गप्प राहणं म्हणजे होकार, असं धरून सिनेमा पुढे जातो. मी पहिल्या वर्षाला असताना एक सीनियर माझ्या टेबलावर येऊन बसायचा. मीही गप्प होते. आवडत होतं म्हणून नाही.

दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागली. हा नायक दारूच्या नशेत शस्त्रक्रिया करतो आणि तरी तो "जीनियस" म्हणून कौतुकाचा विषय राहतो. पुरुषाच्या रागाला, व्यसनाला, हात उचलण्याला त्याच्या हुशारीचं आणि प्रेमाच्या खोलीचं प्रमाणपत्र मिळतं. जेवढं जास्त मोडतोड करेल तेवढं प्रेम खरं. आमच्याकडे अपघात विभागात नवऱ्याने मारलेल्या बायका येतात. "तसे ते चांगले आहेत, रागात भान राहत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आता मला सिनेमात ऐकवत नाही.

तेलुगूतला मूळ चित्रपट २०१७ चा, दिग्दर्शक तेच. त्यांचा 'अ‍ॅनिमल' (२०२३) मी पाहिला नाही आणि पाहणार नाही, त्यामुळे त्यावर बोलत नाही.

उजनी

आमच्या करमाळ्याकडं 'सैराट'चं शूटिंग झालं, त्यामुळं तो आमच्या घरचाच पिक्चर. आर्चीनं बुलेट चालवली, ट्रॅक्टर चालवला, परश्याला स्वतः होऊन पसंत केलं, हे सगळ्यांनी लिहिलंय. शेवटाबद्दल तर इतकं लिहिलंय की विचारू नका. मधल्या भागाबद्दल कुणी बोलत नाही.

हैदराबादेत दोघं झोपडपट्टीत राहायला लागतात. ती कामाला जाते, भाषा शिकते, चार लोकांशी बोलते. आणि परश्याच्या मनात संशय शिरतो. तो तिच्यावर हात उचलतो. हाच परश्या, कविता करणारा, तिच्यासाठी विहिरीत उडी टाकणारा. ती घर सोडून गाडीत बसते, आणि मागं तो गळफास घ्यायला निघतो. ती परत येते, संसार पुढं चालू राहतो.

मी ते थेटरात बघितलं तेव्हा माझ्या शेजारी माझी वहिनी होती. तिनं माझा हात घट्ट धरला. शेवटच्या प्रसंगाला सगळं थेटर सुन्न झालं, पण वहिनी त्या थोबाडीत मारण्यालाच रडली होती. का ते मला माहीत होतं.

नागराज मंजुळेंनी हे दाखवलं हे मला फार मोठं वाटतं. आर्चीच्या घरचा प्रिन्स भर वर्गात मास्तरांना थोबाडीत मारतो ती पाटीलकी सगळ्यांना दिसते. पण आपला गरीब, गोड, प्रेमळ परश्यापण पुरुषपणा घेऊनच वाढलाय, तो त्याला कुठल्या वाड्यात नाही, आपल्यासारख्याच घरात मिळालाय. प्रेम करून पळून जाणं सोपं, तो पुरुषपणा मागं टाकून जाणं अवघड. फक्त एका गोष्टीवर मी अजून अडलेय. ती परत येते ती त्याला माफ केलं म्हणून, का दुसरीकडं जायला जागाच नव्हती म्हणून? पिक्चर ते सांगत नाही.

हिंदीत 'धडक' (२०१८) केला त्यावर मी काही बोलत नाही. त्यात आमची मातीच नव्हती.

काळाकोट

वकील आहे, एक कायद्याचा मुद्दा मांडतो, कारण तो थेट या धाग्याचा विषय आहे.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हा भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आलं, म्हणजे पाठलागाचा स्वतंत्र गुन्हा. १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत शिक्षा, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास ५ वर्षांपर्यंत, आणि दुसऱ्या वेळी गुन्हा अजामीनपात्र.

त्या कलमाची व्याख्या साध्या मराठीत अशी: स्त्रीने रस नसल्याचं स्पष्ट दाखवूनही जो पुरुष वारंवार तिच्या मागे जातो, तिच्याशी संपर्क साधतो किंवा तसा प्रयत्न करतो. इंटरनेटवरून तिच्यावर नजर ठेवणंही त्यातच येतं. आता ही व्याख्या हातात घेऊन कुठल्याही गाजलेल्या प्रेमपटाचा पहिला तास पाहा. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे करायला लावतो. 'टॉयलेट : एक प्रेम कथा'सारखा (२०१७) चांगला संदेश देणारा सिनेमासुद्धा यातून सुटत नाही. नायक तिचे नकळत फोटो काढतो, दुकानाच्या जाहिरातीत वापरतो, आणि पुढे तीच त्याची बायको.

कृष्णाकाठ, तुमच्या वेळी हे कलम नव्हतं. पण तिने चिठ्ठी फाडून जे सांगितलं ते "स्पष्ट दाखवणं"च होतं. कायद्याला ते लिहायला २०१३ उजाडलं.

दक्षिणायन

ऑस्ट्रेलियातून लिहितेय. इथे जानेवारी २०१५ मध्ये टास्मानियातल्या होबार्टच्या कोर्टात एक प्रकरण गाजलं होतं. भारतातून आलेल्या एका तरुणावर दोन स्त्रियांचा पाठलाग केल्याचा आरोप होता. वकिलाने बचाव केला की तो हिंदी सिनेमे बघत वाढला आहे, त्याच्या दृष्टीने असं मागे लागणं हे प्रेमात पडायची रीत आहे. पाच वर्षं वर्तन चांगलं ठेवण्याच्या अटीवर तो शिक्षेतून सुटला.

ऑफिसात दुसऱ्या दिवशी सगळे मला त्याबद्दल विचारत होते. मला दोन्हीकडून वाईट वाटत होतं. आपल्या अख्ख्या देशाला एका वाक्यात गुंडाळल्याचं वाईट वाटलं. आणि ते वाक्य पूर्ण खोटं आहे असं मला त्यांना ठामपणे सांगता येईना, याचंही. त्या दोघींचं काय झालं हे मात्र कुणीच विचारलं नाही. सगळी चर्चा सिनेमाबद्दल.

भवरा

काळाकोट आणि दक्षिणायन, तुमचं वाचून मी माझं पहिलं मत थोडं बदलतो. सिनेमा कारण नाही, पण सबब पुरवतो. वर्तमानपत्रंही पुरवतात. "एकतर्फी प्रेमातून" हे दोन शब्द मराठी पेपरात इतक्या वर्षांपासून छापून येतायत. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेच्या वर्गात घुसून एका मुलीला जाळलं. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं, आठवड्याभराने ती गेली. तीस वर्षं मधे गेली. मथळा तोच. एकतर्फी असलं तरी प्रेम हा शब्द आहेच तिथे. खून करणाऱ्याच्या मनात काय होतं याला आपण नाव दिलं, आणि नाव दिलं ते त्याने स्वतः दिलं असतं तेच.

तिसरीघंटा

सापडला!

'कभी हां कभी ना'. कुंदन शाह, १९९४, गोव्यातली गोष्ट. सुनील नापास होणारा, बँडमध्ये वाजवणारा, थापा मारणारा मुलगा. त्याचं अ‍ॅनावर प्रेम, तिचं ख्रिसवर. सुरुवातीला तो घाणेरडे प्रकार करतोच, खोटं बोलून दोघांत भांडण लावतो. पण सिनेमा त्याला त्याबद्दल शाबासकी देत नाही. मित्र त्याला पकडतात, तो अपमानित होतो, गुणपत्रिकेच्या थापेसारखंच हेही त्याला कबूल करावं लागतं. आणि शेवटी तिच्या लग्नात तो चर्चमध्ये उभा असतो, ती त्याची होत नाही, आणि आपलं सगळं प्रेम त्याच्यावरच राहतं.

गंमत अशी नाही, खरं तर मोठी शोकांतिका अशी, की त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर १९९३ मध्ये, 'डर' आला होता. तोच शाहरुख. एकीकडे नकार न ऐकणारा, भिंतभर तिचे फोटो लावणारा, तिच्या नवऱ्याच्या जिवावर उठणारा. दुसरीकडे नकार गिळून तिच्या लग्नात उभा राहणारा. लोकांनी नक्कल कुणाची केली? तो तोतरा "क-क-क" गल्लोगल्ली पोरं अजून म्हणतात. सुनीलची नक्कल करणारा मला एकही भेटला नाही.

जुनाप्रेक्षक

धागा उशिरा पाहिला. वय ७८, तेव्हा माझं उत्तर जुनंच असणार.

प्रभातचा 'कुंकू', १९३७. व्ही. शांताराम. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकील काकासाहेबांशी लावून देतात. ती त्याला नवरा मानायला नकार देते. पळून जात नाही, रडत बसत नाही, त्याच घरात राहून रोज नकार देते. शांता आपट्यांचा तो चेहरा मी विसरलो नाही. केशवराव दाते काकासाहेब झाले आहेत. भिंतीवर त्यांच्याच वयाचं जुनं घड्याळ. आधी ते चिडतात, हक्क सांगतात. मग हळूहळू त्यांना तिचं म्हणणं कळतं. मराठी पडद्यावर बाईचा नकार समजून घेणारा पुरुष मी प्रथम पाहिला तो हा.

पारिजातकताई, तुम्ही "पटणं" या शब्दावर लिहिलंत म्हणून मुद्दाम सांगतो. हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ज्या कादंबरीवरून केला तिचं नाव 'न पटणारी गोष्ट'.

तुमच्या अटीत मात्र तो बसणार नाही. चूक कळल्यावर काकासाहेब जीव देतात. तरुणपणी मला तो शेवट फार उदात्त वाटला होता. आता वाटतो, नकार ऐकणाऱ्या पुरुषाला जिवंत ठेवायचं कसं, हे तेव्हाच्या कथाकारांना ठाऊक नव्हतं. त्यानंतर पस्तीस वर्षांनी त्याच शांतारामबापूंनी 'पिंजरा' केला, त्यात आदर्श मास्तरांचा नाश करायला तमाशातली बाई उभी केली. पुरुष घसरला की दोष बाईच्या घुंगरांचा. मास्तरांना "नाही" म्हणता येत नव्हतं, ही मास्तरांची गोष्ट होती. 'कुंकू' करणाऱ्या माणसाने ते पाहू नये, याचं मला आजही दुःख आहे.

उजनी

आजोबा, तुमचं वाचून 'नटरंग' आठवला. कागलचा गुणा, मजुरी करणारा, पैलवानी अंगाचा, फडात राजा व्हायचं स्वप्न बघणारा. नाच्या व्हायला कुणी तयार नाही म्हणून स्वतः होतो. अंग उतरवतो, चाल बदलतो, कमावलेलं शरीर घालवतो. आणि मग घर तुटतं, गाव हसतं, आणि त्याच्यावर जे अत्याचार होतात ते बघवत नाहीत. पुरुषासारखं न दिसणाऱ्या पुरुषाला पुरुष काय करतात ते त्यात आहे. पोरांना "बायकी" म्हणून चिडवणाऱ्या प्रत्येक शाळेत तो दाखवला पाहिजे असं मला वाटतं. नववीतल्या पोरांना दाखवण्याआधी मात्र तुम्ही स्वतः एकदा बघा ताई, जड आहे.

नकाराशी याचा संबंध आहे. नकार मिळालेलं पोरगं घरी का जात नाही? मित्र हसतील म्हणून. "एवढंच का तुझ्यात दम?" म्हणतील म्हणून. मुलगी राहते बाजूला, तो मित्रांना तोंड दाखवायला स्टँडवर उभा असतो.

कृष्णाकाठ

उजनी, हे अगदी खरं. चार महिन्यांत मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही. मित्रांशी मात्र रोज तिच्याबद्दलच बोलत होतो.

कुणी व्यक्तिगत निरोपात विचारलंय की नंतर तिला शोधून माफी मागितली का. नाही. तिला माझं तोंड परत बघायचं आहे का, हे मला माहीत नाही, आणि ते विचारायलाही तिच्या मागंच जावं लागेल.

पारिजातक

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काय झालं ते सांगते.

शनिवारी रात्री मुलाबरोबर 'कभी हां कभी ना' पाहिला. पहिला अर्धा तास तो मोबाईल बघत होता. सुनील पकडला जातो तिथून त्याने मोबाईल खाली ठेवला. संपल्यावर त्याचा पहिला प्रश्न, "शेवटी ती दुसरी मुलगी का आणली?" जुही चावला शेवटी दोन मिनिटं येते, त्याबद्दल. मी म्हटलं, प्रेक्षकांना वाईट वाटू नये म्हणून असेल. तो म्हणाला, "मग त्याला एकटं घरी जाताना दाखवायला हवं होतं." मी काही बोलले नाही. माझ्या अटीत हे नव्हतं, त्याने नवीन घातलं.

मग मी त्याला कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद वाचायला दिला. मोठ्याने वाचू का म्हणाला, मी म्हटलं मनात वाच. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "पहिल्या तिनात असायची म्हणजे तिला डॉक्टर व्हायचं असेल का?" मला माहीत नाही म्हणून सांगितलं.

आज त्याच्या त्या मित्राचं विचारलं, तो अजून तिच्या रस्त्याने जातो का. मुलगा म्हणाला, "नाही. तो आता मागच्या गेटने जातो. त्याला लांब पडतं, पण जातो." बाकीचे त्याला चिडवतात का, विचारलं. "दोघं चिडवतात. मी नाही चिडवत."

पुढच्या रविवारी पाचही जण येणार आहेत. जुनाप्रेक्षककाका, 'कुंकू'ची चांगली प्रत कुठे बघायला मिळेल, माहीत असेल तर सांगा. नववीतल्या मुलांना १९३७ चा सिनेमा बसून बघवेल का, हीही शंका आहे. पोहे जास्त करणार आहे.